आवाज गहाण ठेवू नकोस

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. त्याआधी दादाचा फोन येऊन गेला होता. शिक्षण सोडून मॉडेलिंगला गेली तेव्हा गप्प बसलो, आता म्हणे गाणं, असा त्याचा सूर. त्याला मी म्हटलं, पोरगी न्यूयॉर्कात स्वतःच्या कमाईतून भाडं भरते, तिला रागवायचे दिवस संपले. आता आपल्याला ठाऊक आहे तेवढं तिला सांगायचं आणि बाजूला व्हायचं. तेच करते आहे.

तू लिहितेस की एका निर्मात्याकडं नाचाचं गाणं तयार आहे. ते कुणीतरी गाऊन ठेवलंय आणि आता त्याला चेहरा हवाय. व्हिडिओत तू, कव्हरवर तू, क्लबातल्या कार्यक्रमांत माइक धरून उभी तू. पुढच्या गाण्यात तुलाही गायला देऊ, असं तो तोंडी म्हणतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. गाण्यात जा, जरूर जा. पण दुसरीच्या आवाजावर ओठ हलवून जाऊ नकोस. उशीर झाला तरी चालेल, स्वतःच्या गळ्यानं आणि स्वतःच्या नावानं जा. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. या वाटेनं तुझ्याआधी बऱ्याच जणी गेल्यात आणि त्यांचं काय झालं ते छापून आलेलं आहे.

१९८९ साल घे. बेल्जियमचा यो बोगार्ट हा निर्माता ‘टेक्नोट्रॉनिक’ या नावानं ‘पंप अप द जॅम’ हे गाणं काढतो. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडं ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढतं. कव्हरवर आणि व्हिडिओत निळ्या लिपस्टिकची फेली, काँगोहून आलेली मॉडेल. आवाज मात्र ‘या किड के’ हिचा. तीही किन्शासात जन्मलेली, लहानपणी बेल्जियमला आलेली. दोघी एकाच देशातून आलेल्या. एकीचा चेहरा घेतला, दुसरीचा गळा. ‘या किड के’ निदान पुढं समोर आली, स्वतःच्या नावानं गायली. फेलीचं नाव आज प्रश्नमंजूषेत विचारतात.

त्याच वर्षी इटलीच्या ‘ब्लॅक बॉक्स’चं ‘राइड ऑन टाइम’ आलं. ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर. पडद्यावर कॅट्रिन किनोल, ग्वाडेलूपची, फ्रान्समध्ये मॉडेलिंग करणारी. आवाज लोलिअॅटा हॉलोवे या अमेरिकन गायिकेचा, तिच्या १९८० च्या गाण्यातून उचललेला. पुढच्या अल्बमात बहुतेक गाणी मार्था वॉशनं गायली, पण व्हिडिओत पुन्हा कॅट्रिनच. मग अमेरिकेत ‘सी अँड सी म्युझिक फॅक्टरी’चं गाणं १९९१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातही मार्था वॉशचाच आवाज, आणि पडद्यावर लायबेरियात जन्मलेली झेल्मा डेव्हिस. मार्थाला एकरकमी पैसे देऊन वाटेला लावलं होतं. ती कोर्टात गेली, तेव्हा कुठं कंपन्यांना गायिकेचं नाव लिहिणं भाग पडलं. या प्रकरणातली कडू गोष्ट ही, की झेल्मा चांगली गात होती. त्याच अल्बमातल्या दुसऱ्या गाण्यांत तिचा स्वतःचा आवाज आहे. पण लोकांच्या डोक्यात ती राहिली ‘ओठ हलवणारी’ म्हणून.

मिली व्हॅनिली या जोडीचं नाव तू ऐकलंच असशील. रॉब पिलाटस म्युनिकचा, फॅब मोर्व्हान पॅरिसहून म्युनिकला आलेला. दोघंही नाचणारे, मॉडेलिंग करणारे, खिशात काही नसलेले. फ्रांक फरियान या निर्मात्यानं त्यांच्याकडून करारावर सह्या घेतल्या आणि गाणी मात्र दुसऱ्यांकडून गाऊन घेतली. हे त्याला नवं नव्हतं. ‘बोनी एम’मध्ये अरूबाहून आलेला बॉबी फॅरेल नाचायचा आणि पुरुषाचा आवाज फरियानचा स्वतःचा असायचा. जुलै १९८९ मध्ये कनेटिकटमधल्या एका कार्यक्रमात ध्वनिमुद्रण अडकलं आणि त्याच चार शब्दांवर फिरत राहिलं. रॉब मंचावरून पळून गेला. तरी फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं आणि नोव्हेंबरात ते काढूनही घेतलं. १९९८ मध्ये रॉब गेला. फॅबनं पुढं वर्षानुवर्षं मेहनत घेतली आणि स्वतःच्या गळ्यानं गायला लागला. ज्यांच्या आवाजावर त्यानं ओठ हलवले होते, त्यांतल्या जॉन डेव्हिससोबत तो नंतर मंचावर उभाही राहिला. आणि फरियान? तो नव्वदच्या दशकात ‘ला बूश’सारख्या गटांची गाणी करत राहिला. लोकांनी हसं केलं ते दोन पोरांचं.

यात प्रत्येक वेळी बाहेरून आलेलंच माणूस का सापडतं, हे नीट बघ. नाचाचं गाणं स्टुडिओत जुळवलं जातं. ताल यंत्राचा, आवाज रोजंदारीवर बोलावलेल्या गायिकेचा किंवा जुन्या तबकडीवरून कापलेला. क्लबात अंधारात त्याला चेहरा लागत नाही. पण तेच गाणं चढलं की टीव्हीवाले विचारतात, गातंय कोण? मग घाईघाईनं चेहरा शोधायचा. तो देखणा हवा, वेगळा दिसणारा हवा, स्वस्त हवा आणि प्रश्न न विचारणारा हवा. ज्याचा व्हिसा दुसऱ्याच्या हातात आहे, घरभाडं थकलेलं आहे, कराराची भाषा पुरती कळत नाही, तो माणूस प्रश्न विचारत नाही. ‘टेक्नोट्रॉनिक’ आणि ‘ब्लॅक बॉक्स’ ही माणसांची नावं नाहीत, हेही लक्षात घे. ते निर्मात्याचे फलक. उद्या तुला काढून दुसरी उभी केली, तरी फलक तोच राहतो. तुझ्या त्या गाण्यावर नाव कुणाचं छापणार, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. म्हणजे तू ते विचारलेलं नसणार.

आता तू म्हणशील, आत्या, आपल्या सिनेमात तर सगळं दुसऱ्याच्याच आवाजावर चालतं. खरं आहे. पण आपल्याकडंही नावासाठी भांडावं लागलं. १९४९ च्या ‘महल’ची तबकडी निघाली तेव्हा गायिका म्हणून तीवर ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी म्हणजे मधुबालाच्या भूमिकेचं नाव! ऐकणाऱ्यांनी रेडिओकडं चौकशी करून करून भंडावलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. त्याच लताबाई पुढं फिल्मफेअरच्या समारंभात गायला तयार झाल्या नाहीत, कारण संगीतकाराला बक्षीस होतं, गाणाऱ्याला नव्हतं. १९५९ पासून ते सुरू झालं. मधुबाला गात नाही, हे तेव्हापासून पोराटोरांना ठाऊक आहे आणि त्यानं तिचं काही बिघडलं नाही. तेव्हा ओठ हलवण्यात पाप नाही. गाणारीचं नाव खोडून तिथं दुसरीचं लिहिण्यात आहे.

खोडलेल्या बाजूला मी स्वतः उभी राहिलेली आहे. मुंबईत मी कोरसमध्ये गायचे आणि अधूनमधून डबिंग सिंगर म्हणून. मोठ्या गायिकेची तारीख मिळाली नाही की आमच्यापैकी कुणाला तरी बोलवायचे. गाणं आम्ही गायचं, त्यावर चित्रीकरण व्हायचं, मग बाई वेळ काढून यायच्या आणि आमचा आवाज पुसून स्वतःचा भरायच्या. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट हातानं खूण करायचा, हेडफोनमध्ये ठेका सुरू व्हायचा आणि दुपारभर एकेक कडवं घासून घ्यायचं. संध्याकाळी व्हाउचरवर सही, पाकीट पर्समध्ये आणि सहा चौदाची लोकल. एकदा एका गाण्यात माझा अंतरा तसाच राहिला. थिएटरात मी तो ओळखला. पोस्टरवर, तबकडीवर कुठंच माझं नाव नव्हतं. पण व्हाउचरवर सही होती, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार? तुला चेहरा व्हायला सांगताहेत, तेव्हा त्या गाण्यामागं माझ्यासारखीच कुणीतरी लोकल पकडून घरी गेलेली आहे, एवढं ध्यानात ठेव.

आता जी नीट पोचली, तिच्याकडं बघू. ग्रेस जोन्स. जन्म १९४८, जमैकातलं स्पॅनिश टाउन. आईवडील अमेरिकेला गेले आणि मुलं आजीच्या घरी. धर्माची कडक शिस्त आणि मार, दोन्ही भरपूर. तेराव्या वर्षी ती सिराक्यूजला आईवडिलांकडं आली. पुढं न्यूयॉर्कात विल्हेल्मिना एजन्सीत मॉडेल झाली, पण तिच्या रूपाचं काय करावं, हे तिथं कुणाला फारसं सुचलं नाही. १९७० मध्ये तिनं पॅरिस गाठलं. तिथं तोच काळा रंग, तीच उभी गालफडं इव्ह सां लोराँ आणि केंझोला हवीशी झाली, हेल्मट न्यूटननं तिचे फोटो काढले. इथपर्यंतची वाट तुझ्या ओळखीची आहे.

गाण्यात ती शिरली तेव्हा तिलाही प्रथम साच्यातच बसवलं. फ्रान्समध्ये १९७५ साली पहिलं गाणं निघालं. १९७७ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सनं तिला घेतलं आणि टॉम मोल्टन या डिस्कोतल्या नावाजलेल्या माणसाकडं सोपवलं. तीन वर्षांत तीन अल्बम. ब्रॉडवेची गाणी डिस्कोच्या ठेक्यावर, मागं भरगच्च व्हायोलिनं. गाणी क्लबात चालली, स्टुडिओ ५४ या क्लबात तिच्या नावानं गर्दी व्हायची. पण आवाज तिचा असूनही तो त्या वाद्यांत बुडालेला होता. तिच्या जागी दुसरी चांगली गाणारी असती तरी अल्बमांचं फारसं बिघडलं नसतं. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्या जाहीरपणे उडवून दिल्या आणि तो बाजार कोसळला. तिचा तिसरा अल्बम आला तो त्या पडझडीत. तिच्या बरोबरीच्या कितीतरी जणी तिथंच संपल्या.

ती संपली नाही, याचं कारण मला वाटतं बहामातल्या नासाऊजवळच्या कंपास पॉइंट स्टुडिओत सापडतं. आयलंडचा मालक ख्रिस ब्लॅकवेल स्वतः जमैकात वाढलेला. त्यानं जमैकाचे स्लाय डनबार ड्रम्सवर आणि रॉबी शेक्सपिअर बेसवर बसवले. ग्रेसचा मोठा फोटो स्टुडिओच्या भिंतीवर लावला आणि वादकांना सांगितलं, हे चित्र जसं दिसतं तसं ऐकू आलं पाहिजे. तू मॉडेल आहेस, म्हणून तुला ही गोष्ट मुद्दाम सांगते. तुझ्या निर्मात्याचं गाणं आधीच झालंय आणि तो आता चेहरा शोधतोय. इथं चेहरा आधी आणि त्याच्यासाठी गाणं. व्हायोलिनं गेली, खाली बेस आणि ड्रम राहिले, मध्ये मोकळी जागा. त्या जागेत तिचा खालचा, जाड, अर्धा बोलल्यासारखा आवाज उभा राहिला. ‘वॉर्म लेदरेट’ १९८० मध्ये आला, ‘नाइटक्लबिंग’ १९८१ मध्ये. दुसऱ्यात पियाझोला या संगीतकाराच्या टँगोवरचं गाणं ऐक. त्यात सूर फार नाहीत, पण एक अक्षरही दुसऱ्या कुणाचं वाटत नाही.

यातून मी तुझ्यासाठी दोन गोष्टी उचलल्या.

पहिली, आपला आवाज जिथं आहे तिथंच गावं. लहानपणी गणपतीत आरतीला सगळ्या मुली वरच्या पट्टीत किंचाळायच्या आणि तू एकटी खाली गुणगुणायचीस. तुझी आई म्हणायची, हिला गळा नाही. मी तेव्हाही म्हणत होते, गळा आहे, पट्टी चुकते आहे. तू डेमो पाठवलास त्यात पुन्हा वर ताणून गायली आहेस, कारण सध्याच्या हिट गाणाऱ्या तशा गातात. तीन सूर खाली ये. रोज सकाळी खर्ज लाव, मंद्र सप्तकात पंचमापर्यंत उतर, घाई करू नकोस. मग मिनिटाला १२० ठोक्यांचा मेट्रोनोम लाव आणि मराठी वर्तमानपत्रातली बातमी त्या तालात मोठ्यानं वाच. हसू नकोस. नाचाच्या गाण्यात तानेपेक्षा शब्द ठोक्यावर पडणं महत्त्वाचं असतं, आणि तू ज्या भाषेत विचार करतेस त्या भाषेत ते आधी जमतं. त्यानंतर इंग्रजी घे.

दुसरी, गाव अंगावर मिरवू नये. ग्रेसनं जमैका पोशाखासारखा घातला नाही, तो तिच्या गाण्याच्या बुडाशी होता. तुला उद्या कुणीतरी म्हणेल, तू इंडियन, थोडं बॉलिवूड टाकू या, ढोलकी टाकू या, टिकली लाव. ढोलकीचा तुकडा चिकटवून कुणी मराठी होत नाही. तुला लावणीचा ठेका खरंच कळत असेल, तो तुझ्या पायांत असेल, तर तो बेसमध्ये जाऊ दे, ऐकणाऱ्याला नाव कळलं नाही तरी चालेल. नसेल तर सोड.

ग्रेसचं आणखी एक शहाणपण पुढं दिसतं. ती लिहायला लागली. १९८२ च्या अल्बमातली बरीच गाणी तिनं इतरांबरोबर लिहिली, आणि ‘माय जमैकन गाय’ तर एकटीनं. नव्वदच्या दशकात एलएल कूल जे या रॅपरनं त्याच गाण्याचा तुकडा स्वतःच्या हिट गाण्यात वापरला. गाणं तुमच्या नावावर असलं की दुसऱ्याला परवानगीसाठी तुमच्याकडं यावं लागतं. चेहऱ्याचे पैसे एकदाच मिळतात. लिहिलेल्या ओळीचे पुन्हा पुन्हा मिळू शकतात. २०१२ मध्ये राणीच्या हीरकमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्यासमोर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ती पूर्ण गाणंभर कमरेभोवती रिंग फिरवत गायली. मॉडेल म्हणून त्या वयात तिला कुणी उभं केलं असतं का?

तिच्या चित्रांबद्दलही एक सांगून ठेवते. जाँ-पोल गूदनं केलेला तिचा तो प्रसिद्ध फोटो, एक पाय मागं उंच, हातात माइक, तू भिंतीवर लावलायस. तसं कुणालाही उभं राहता येत नाही. वेगवेगळ्या पोझमधले फोटो कापून, जोडून, रंगवून ते शरीर तयार केलेलं आहे. तेव्हा चित्रासारखं होण्यासाठी जेवण सोडू नकोस. कापायचाच तर कात्रीनं कागद कापावा.

आता कागदाचं बोलू. आपल्याकडं एच-वन-बी म्हटलं की सॉफ्टवेअरवाला डोळ्यांसमोर येतो, पण नामवंत फॅशन मॉडेलनाही तोच व्हिसा मिळतो आणि तुझा तोच आहे. तो एका मालकापुरता आणि एका कामापुरता असतो. त्या व्हिसावर एजन्सीबाहेर गाण्याचे पैसे घेतलेस, तर गाणं राहील बाजूला आणि तू विमानात बसशील. कलावंतांसाठी ओ-वन हा वेगळा व्हिसा आहे, त्याला केलेल्या कामाचे पुरावे लागतात. आजपासून प्रत्येक कात्रण, प्रत्येक कार्यक्रमपत्रिका जपून ठेव. निर्माता म्हणेल, रोख देतो, कुणाला कळणार नाही. त्याला कळेल आणि ते तो कधी वापरेल, हे त्याच्या मर्जीवर राहील.

न्यूयॉर्क राज्यात जून २०२५ पासून मॉडेलांसाठी नवा कायदा लागू झालाय. एजन्सीला वीस टक्क्यांवर कमिशन घेता येत नाही. तुझी संगणकीय प्रतिकृती करायची किंवा वापरायची तर तुझी वेगळी लेखी संमती लागते, आणि त्या संमतीत वापर कशासाठी, किती काळ आणि किती पैशांत, हे लिहावं लागतं. हा कायदा मॉडेलिंगपुरता आहे, म्हणून गाण्याच्या करारातही हेच कलम आवाजासाठी मागून घे. आज यंत्र तुझ्या थोड्या वेळाच्या आवाजावरून तुझ्यासारखं गाऊ शकतं. पूर्वी निर्मात्याला दुसऱ्या बाईचा आवाज तरी विकत घ्यावा लागायचा, आता तुझाच आवाज तुझ्यावाचून वापरता येईल.

बाकी थोडक्यात. ध्वनिमुद्रणाचा वाटा आणि गीत-चालीचा वाटा वेगळे असतात, दोन्ही वेगवेगळे विचार. एक ओळ जरी सुचवलीस तरी त्याच दिवशी, स्टुडिओतून निघायच्या आत, वाट्यांच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची स्मरणशक्ती बदलते. नाव कुठं, कसं, किती मोठं येणार, ते लिहून घे. निर्मात्याचा वकील तुझा वकील नसतो. तिथं ‘व्हॉलंटिअर लॉयर्स फॉर द आर्ट्स’ ही संस्था तुटपुंज्या कमाईच्या कलावंतांना मदत करते, त्यांच्याकडं जा. मॉडेलिंग मात्र सोडू नकोस. त्याच्या पैशांवर शिकवणी लाव, स्टुडिओचे तास विकत घे. घरभाडं भरलेलं असलं की माणसाला नाही म्हणता येतं.

त्या निर्मात्याला सरळ विचार: जिनं हे गायलंय तिचं नाव काय, आणि ते कव्हरवर छापणार का? तो हो म्हणाला आणि करारात तसं लिहून दिलं, तर व्हिसाचं आधी नीट बघून, नाचणारी म्हणून खुशाल व्हिडिओ कर आणि श्रेयनामावलीत तसंच लिहून घे. त्यात कमीपणा नाही. टाळाटाळ केली तर नमस्कार करून बाहेर पड. आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो मला पाठव. मी नाव कुठं छापलंय तेवढं बघते, बाकीचं तुझ्या वकिलाला बघू दे.

दादाशी मी बोलेन.

तुझी,
आत्या